विद्यार्थी दिनाला विद्यार्थी मुका



एक गोष्ट वर्षभर पोटात ठेवली. आता ठेववत नाही.

7 नोव्हेंबरला आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका शाळेत विद्यार्थी दिवसाचा कार्यक्रम होता. शाळेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्या शाळा हसतील, आणि हसायचा हक्क त्यांच्यापैकी एकीलाही नाही. मलाही बोलावणं आलं. मी राईस मिलमध्ये पोते वाहतो, धान ओततो, भुशाच्या धुळीत तोंडाला फडकं बांधून रात्रपाळी करतो. दोन-चार कविता इकडे तिकडे छापून आल्या, तेवढ्यानं मी शाळेच्या लेखी 'स्थानिक कवी' झालो. अर्धी रोजी बुडवून गेलो. खोटं काऊन सांगू, आनंद झाला होता.

हा दिवस कशाचा, ते तुम्हाला ठाऊक आहे. 1900 साली 7 नोव्हेंबरला सातारच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं. त्या पोरानं बसायचं गोणपाट घरून न्यायचं आणि शाळा सुटली की परत घरी आणायचं, कारण शाळा झाडणारा गडीसुद्धा त्या गोणपाटाला हात लावत नसे. 2017 पासून महाराष्ट्र सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. चांगलं केलं. मी दिवसभर बारदान्यातच असतो. गोणपाट अंगाला किती टोचतं, ते मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

तर कार्यक्रम. फोटोला हार. मेणबत्ती. स्वागतगीत पोरींनी म्हटलं. मग भाषणं. एक साहेब बोलले, दुसरे साहेब बोलले, तिसरे साहेब पहिल्या दोघांचं झालेलंच परत बोलले. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करत, तुम्ही मोबाईल पाहता. सरकार तुमच्यासाठी इतकं करते, तुम्ही भाग्यवान लाभार्थी आहात. पोरं उन्हात खाली बसलेली. विद्यार्थी दिवसाला सावली स्टेजवर.

शेवटी 'विद्यार्थी मनोगत' होतं. बारावीतली एक टुरी उठली. कागदावर लिहून दिलेलं वाचायचं होतं तिनं. वाचलं दोन ओळी. मग कागद घडी करून हातात धरला आणि म्हणाली, "सर, माझा एक प्रश्न आहे. अकरावीच्या वर्षाचे शिष्यवृत्तीचे पैसे आले नाहीत. बँकेत गेली त म्हणते आधार जोडलेला नाही, कॉलेजात जा. कॉलेजात आली त म्हणते आमच्याकडून झालं, बँकेत जा. माही माय तीन वेळा रोजी पाडून गेली. मी कोनाकडे जाऊ?"

एका सरांनी उठून माईक घेतला. हिसकला नाही. हळूच घेतला. बापाच्या मायेनं घेतला. म्हणाले, "बेटा, हे असे प्रश्न कार्यक्रमानंतर." आणि माझं नाव पुकारलं. आता आपले स्थानिक कवी.

मी उठलो. मी बाबासाहेबांवरची कविता वाचली. टाळ्या पडल्या. ती टुरी खाली पोरींमध्ये बसली होती, कागदाची घडी अजून हातात. मी त्या माईकवरून तिचा प्रश्न परत विचारू शकलो असतो. तीन वाक्यं लागली असती. मी विचारली नाहीत. शाल घेतली, नारळ घेतला, चहा पिला आणि मिलवर आलो.

साला, ही कविता कशाची?

मिलवर सगळं सांगितलं. आमच्यातला एक म्हातारा हमाल बिडी विझवत म्हणाला, "लाभार्थ्याले तोंड नसते बाबू. खातं असते."

त्या दिवसापासून हा शब्द माझ्या डोक्यात कुसळासारखा रुतला आहे. लाभार्थी. विद्यार्थी म्हणजे विद्या मागणारा. मागणाऱ्याला तोंड लागते. लाभार्थी म्हणजे ज्याला लाभ होतो. कोणीतरी देतो, याला लाभ होतो, यानं हात जोडायचे आणि फोटोत उभं राहायचं. घरकुलाचा लाभार्थी, राशनचा लाभार्थी, सायकलचा लाभार्थी, आता शिक्षणाचाही लाभार्थी. आपल्याला न विचारता आपलं नाव बदललं. आणि आपण त्या नावाला 'हजर' म्हणतो आहोत.

पण ही शिष्यवृत्ती काय कोणा दानशूरानं दिली? 1942 साली बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले, त्याच वर्षी त्यांनी अस्पृश्यांची गाऱ्हाणी लेखी मांडली. त्यात शिक्षणाच्या पैशाची मागणी होती. त्या मागणीतून 1944 पासून मॅट्रिकच्या पुढची शिष्यवृत्ती सुरू झाली. भांडून घेतलेली आहे. त्याच्याही आधी, 1927 साली, मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी सरकारपुढे हिशेब टाकला होता: शिक्षणावर तुम्ही माणशी चौदा आणे खर्च करता आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांवर वसूल करता. त्याच्याही आधी, 1882 साली, जोतिबांनी हंटर आयोगापुढे हेच सांगितलं, की पैसा कुणब्या-कष्टकऱ्यांच्या घामाचा आणि शिक्षण वरच्यांच्या पोरांना. बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, असंही त्यांनी तेव्हाच मागितलं.

आणि त्याच्याही आधी एक टुरी उभी राहिली होती. मुक्ता. मांगाची पोरगी, जोतिबा-सावित्रीमाईच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली, वय चौदाच्या आसपास. 1855 साली तिचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. मांगमहारांची दुःखं लिहिली आणि पंडितांना सवाल केला, वेद तुमचेच म्हणता तर मग आमचा धर्म कोणता, ते सांगा. तीन वर्षांची शाळा आणि सवाल थेट धर्माला! तिच्या हातून कोणी माईक घेतला नाही. सावित्रीमाईची शाळा होती ती. आज शाळेच्या भिंतीवर सावित्रीमाईचा फोटो आहे आणि फोटोखाली उभ्या पोरीला आपण 'कार्यक्रमानंतर' म्हणतो.

आता जरा आकडे बोलतो. आम्ही मिलवाले, आम्हाला वजन केल्याशिवाय चैन पडत नाही.

ही शिष्यवृत्ती मिळायला आईबापाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत लागतं. ही मर्यादा 2013 साली ठरली. 2021 साली केंद्रानं योजना नव्यानं मांडली, तेव्हाही अडीच लाखच ठेवली. मधल्या आठ वर्षांत तेल, गॅस, बसचं तिकीट, खोलीभाडं कुठल्या कुठे गेलं. आणि 2019 साली घटनादुरुस्ती करून सवर्णांतल्या गरिबांना 10 टक्के आरक्षण दिलं, तेव्हा त्यांच्या गरिबीची रेघ आठ लाखांवर ओढली. म्हणजे तिकडे आठ लाखवाला गरीब, आणि इकडे मायबाप दोघंही रोजीला जाऊन तीन लाखाला टेकले तर पोराचा निर्वाह भत्ता गेला. फी माफ होते म्हणतात. होते. पण पोरगा फी खाऊन जगत नाही.

आणि भत्ता तरी किती? 2021 च्या दरांप्रमाणे घरून जाणं-येणं करणाऱ्या अकरावी-बारावीच्या पोराला वर्षाला 2,500 रुपये. साधी बी.ए., बी.एस्सी. करणाऱ्याला 3,000. वर्षाला! मला मिलमध्ये साडेतीनशे रोजी पडते. सरकारच्या हिशेबानं एका दलित पोराचं वर्षभराचं जगणं माझ्या नऊ दिवसांच्या हमालीएवढंही नाही. तेही वेळेवर नाही. केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40 टक्के, दोन वाटे दोन वाटांनी येतात. कधी एक येतो, दुसरा रस्त्यात. कॉलेज म्हणते फी भर. पोरगा म्हणतो पैसे आले नाहीत. कॉलेज म्हणते मग मार्कशीट राहू दे आमच्याकडे.

मला हे कसं ठाऊक? मी त्याच खिडकीतून बाहेर पडलो. कोणतं कॉलेज ते सोडा. बी.ए. चं पहिलं वर्ष झालं, दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी खिडकीतल्या बाईनं चार वेळा परत पाठवलं, पाचव्या वेळी मी गेलो नाही. मिलमध्ये धानाचा सीझन सुरू झाला होता, माणसं पाहिजे होती. पुढचं वाचन विहारातल्या कपाटातून झालं.

पहिले अशा पोराला 'गळती' म्हणत. निदान त्या शब्दात कुठंतरी भोक आहे, हे तरी कबूल होतं. 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर बाहेर पडलास तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा. त्याला 'एक्झिट' म्हणतात. वा! डॉक्टरचा पोरगा एक्झिट घेईल आणि परत एन्ट्री घेईल. हमालाचा पोरगा एकदा एक्झिट झाला की सरळ पोत्याखाली. आमच्या मिलमध्ये सॉर्टेक्स मशीन आहे. तांदूळ वरून पडतो, मशीनचा डोळा पाहतो, काळा दाणा दिसला की हवेची फुंकर मारून बाजूला उडवतो. आवाजही होत नाही. दाण्याला वाटत असेल, आपणच बाहेर पडलो.

आता प्रश्न असा, की हे सगळं कोणाला सांगायचं? बारावीची टुरी विचारत होती तोच प्रश्न. कॉलेजात विद्यार्थ्यांचा निवडून दिलेला माणूस असता तर तो खिडकीवर गेला असता. तो माणूस कुठे गेला? त्याची गोष्ट सांगतो. 1989 साली मुंबईत कॉलेजच्या निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. वाईट झालं. त्यावर इलाज काय काढला? 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुकाच उडवल्या. वर्गात ज्याला जास्त मार्क तो प्रतिनिधी. आता मला सांगा, विधानसभेच्या निवडणुकीत कधी डोकी फुटली नाहीत? पैसे वाटले नाहीत? मग आमदार काऊन मार्कांवर नेमत नाही? नेमून पाहा ना. किती आमदार राहतात ते पाहू.

2016 च्या नव्या कायद्यानं थेट निवडणुका कागदावर परत आणल्या. 2019 साली वेळापत्रक जाहीर झालं आणि विधानसभेची निवडणूक आहे म्हणून थांबवलं. मी कॉलेजात होतो तेव्हढ्या दिवसांत मतपेटी पाहिली नाही. अठराव्या वर्षी पोरगा देशाचा पंतप्रधान ठरवू शकतो. होस्टेलच्या भाजीत अळी निघाली तर ते सांगायला कोण जाईल, हे ठरवू शकत नाही.

हे भोळेपणानं झालं असं समजू नका. त्यांना ठाऊक आहे, विद्यार्थी एकत्र बसले की काय होते. दलित पँथर 1972 साली उभी राहिली तेव्हा त्या पोरांचं उठणं-बसणं कुठं होतं? वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांनी 1950 साली काढलं, त्याच्या आवारातून लिहिणाऱ्यांची एक पिढीच्या पिढी बाहेर पडली. आपलं साहित्य बंगल्यात जन्मलं नाही, बोर्डिंगात जन्मलं. एका खोलीत सहा पोरं, एक कंदील, एक पुस्तक. म्हणून वसतिगृह उपाशी ठेवायचं, पैसे उशिरा द्यायचे, पोरांना खोली-खोलीत सुटं सुटं करायचं. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल, ज्याचा त्याचा अर्ज, ज्याचा त्याचा पासवर्ड. शंभर पोरांचा एकच त्रास, पण शंभर अर्ज क्रमांक.

नामांतर आठवा. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. 4 ऑगस्टला नागपुरात आपली माणसं रस्त्यावर उतरली तर गोळीबार झाला. इंदोऱ्याचा अविनाश डोंगरे, शाळकरी वयाचं लेकरू, त्यात गेलं. 1979 च्या नोव्हेंबरात दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षं! एका पाटीवरच्या नावासाठी लोक जीव देतात म्हणून तेव्हा शहाणे हसले. पाटीसाठी नव्हतं ते. विद्यापीठ कोणाचं, एवढाच सवाल होता. तो अजून सुटलेला नाही. हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुलाची सात महिन्यांची फेलोशिप अडली होती, वसतिगृहातून बाहेर काढलं होतं, 17 जानेवारी 2016 ला तो गेला. एक लाख पंचाहत्तर हजार रुपये. पीएच.डी. पर्यंत गेलेल्या पोराचं आणि आमच्या बारावीच्या टुरीचं दुखणं एकच, शून्यं तेवढी कमी-जास्त.

आणि खैरलांजी. ती तर आमच्याच जुन्या भंडारा जिल्ह्यातली. सुरेखा भोतमांगेनं लेकरं शिकवली होती. 29 सप्टेंबर 2006. पुढं लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर विदर्भभर जी पोरं रस्त्यावर आली, त्यांना कोणत्या पुढाऱ्यानं बोलावलं नव्हतं.

उठलं की मिळते, हेही सांगतो, नाहीतर म्हणाल हा फक्त रडतो. 2022 च्या ऑक्टोबरात इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीच्या पोरांची शाळा बंद करायला निघाले, तर ती लेकरं बकऱ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली. दप्तरं घ्या आणि आम्हाला बकऱ्या द्या, असं म्हणाली. आदिवासी लेकरं, प्राथमिक शाळेतली! आपण एवढे ग्रॅज्युएट, आपल्याला असं सुचलं का? 2023 साली बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक पोरं-पोरी मुंबईच्या आझाद मैदानावर बसली. यादी 861 जणांची होती आणि सरकार 200 वर अडलं होतं. ती उन्हात बसून राहिली म्हणून सरकारला हलावं लागलं.

आता आपल्या घरात येतो. इथं माझ्यावर दगड मारायचे असतील तर मारा.

अर्जुनी मोरगाव विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. इथून निवडून गेलेले राजकुमार बडोले 2014 ते 2019 राज्याचे सामाजिक न्याय मंत्री होते. शिष्यवृत्ती, वसतिगृहं, बार्टी, सगळं त्या खात्याखाली. आपल्या तालुक्याचा माणूस त्या खुर्चीवर! मंत्र्यानं काय केलं, काय नाही केलं, त्याचा हिशेब ज्याला मांडायचा त्यानं मांडावा. मी विचारतो, आपण काय केलं? आपण हार नेले, बॅनर लावले, बॅनरवर आपले फोटो लावले. तालुक्यातल्या किती पोरांचे पैसे अडले याची एक यादी, एक कागद, आपण त्या पाच वर्षांत केला का? नाही केला. ज्याच्याकडे यादी नाही त्याला मंत्री भेटला काय आणि शिपाई भेटला काय.

म्हातारे सांगतात, 1954 साली बाबासाहेब भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे होते आणि त्यांना पाडलं. सांगताना अजून त्यांचा गळा भरतो. आपण मात्र ती गोष्ट ऐकतो आणि पुढच्या गटाच्या पदाधिकाऱ्यांची निवड करायला बसतो. युवा आघाडी, विद्यार्थी आघाडी, त्यातही तीन गट. प्रत्येकाचा जिल्हाध्यक्ष तिशी-चाळिशीचा. विद्यार्थी आघाडीत विद्यार्थी सापडला तर सतरंज्या उचलताना सापडतो. आणि पोरगी? तिला स्वागतगीत. त्या सरांनी माईक घेतला म्हणून मी चिडलो, पण आपल्या जयंतीच्या स्टेजवर आपण तरी कोणत्या बारावीच्या टुरीला बोलू दिलं?

डीजेवर मी तोंडसुख घेणार नाही. वर्षभर वाकून राहिलेली पोरं एक दिवस ताठ होऊन नाचतात, नाचू द्या. पण डीजेची वर्गणी घरोघर जाऊन गोळा करता येते, तर अडलेल्या अर्जांची माहिती काऊन गोळा करता येत नाही? दारं तीच आहेत. बाबासाहेबांनी शिका म्हटलं ते आपण ऐकलं. संघटित व्हा, संघर्ष करा, ते आपण झेंड्यावर छापलं. आपल्यातले शिकले ते नागपूर-पुण्याला गेले, तिथून 14 एप्रिलला स्टेटस ठेवतात. जा बापा, कोणी अडवलं. पण जिच्यावर चढून गेलात ती शिडी खालून कोणी कापत असेल, तर निदान वरून ओरडा तरी.

मी काय करतो ते सांगतो. मोठं काही नाही. त्या कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांनी त्या टुरीचं घर शोधलं. तिच्या मायनं आधी दारातच उभं ठेवलं, म्हणाली, "कोन्या पार्टीचे जी तुमी?" म्हटलं, कोणत्याच नाही, मिलमध्ये आहो. मग आत घेतलं. दोनशे पानांची वही आणली होती, पहिलं पान त्या टुरीनं स्वतः लिहिलं. अर्ज कधी भरला, बँकेत कितीदा गेली, कोणत्या दिवशी कोण काय म्हणालं. तारखा तिला तोंडपाठ होत्या. नंतर तिच्या वर्गातल्या सहा जणी आल्या. मग आयटीआयची पोरं. आता दर रविवारी संध्याकाळी विहारात बसतो. वही माझ्याकडे नसते, तिच्याकडे असते. मी फक्त चटई टाकतो आणि लाईट गेली तर मेणबत्ती लावतो.

सध्या वहीत 43 नावं आहेत. सात जणांचे पैसे आले, कारण त्या सातही जणी एकाच दिवशी, वही घेऊन, एकत्र खिडकीवर गेल्या. बाईनं एकटीला कधी खुर्ची दिली नव्हती, त्या दिवशी तिनं संगणक आमच्याकडे वळवून दाखवला, कुठं अडलं ते.

येत्या 7 नोव्हेंबरला आम्ही विहारासमोर विद्यार्थी दिवस घेणार आहोत. स्टेज नाही. भाषण एकाही साहेबाचं नाही, माझंही नाही. वहीतली पानं ज्याची त्यानं उभं राहून वाचायची आणि नंतर सगळ्यांनी मिळून ती वही तहसीलदारांच्या टेबलावर ठेवायची. पहिलं पान ती टुरी वाचणार आहे. तिचे पैसे अजून आलेले नाहीत.

तुमच्या गावात, तुमच्या होस्टेलात अशी वही घाला. सडक अर्जुनी, लाखांदूर, साकोली, देसाईगंज, कुठलेही असा. नाव, वर्ग, अर्जाची तारीख, पैसे आले तर कधी, नाही आले तर कोणी काय उत्तर दिलं. तेवढंच लिहून या पत्रिकेच्या पत्त्यावर पाठवा. कविता नंतर पाठवा.